एकाच माइकखाली

मंडळी, आज फार थकलोय, तरी लिहितो.

कराडला नाटकाच्या पोरांना विंग, एन्ट्री, सेंटर स्टेज असले शब्द शिकवत होतो. एकीनं विचारलं, "सर, तुमच्या वेळी सेंटर स्टेज म्हणजे कुठं?"

"माइक टांगलेला असेल तिथं."

पोरं हसली. हसू देत.

सत्तरच्या दशकात तासगावजवळच्या आमच्या गावी जत्रेच्या नाटकाला एकच माइक असायचा. बोलायचं तर त्याच्याखालीच यायचं. एका वर्षी शेताच्या बांधावरून माझं आणि चुलतभाऊ दत्तूचं बोलणं बंद होतं, आणि नाटकात आम्ही सख्खे भाऊ! खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. ऐनवेळी मी वाक्य विसरलो. दत्तू कानाशी पुटपुटला, "आरं, आईला न्यायला आलोय म्हण की!" माइकनं ते अख्ख्या गावाला ऐकवलं. गाव हसलं, आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच घरी जेवायला होतो.

आज तालमीत, सकाळीच भांडलेली दोन पोरं स्टेजच्या दोन टोकांना उभी राहिली. दोघांच्याही कॉलरला माइक. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट. "जवळ या" म्हणायला मला कारणच सापडेना.

तुम्हाला सापडलं असतं का?