सुकदेवच्या जीपचा कॅमशाफ्ट

उत्तरेच्या पहाडात पोस्टिंग होती. मी वर्कशॉपला हवालदार मेकॅनिक, पिंपळनेरचा नायक सुकदेव जीपवर ड्रायव्हर. सकाळी गाड्या तपासायच्या, मग कॉन्व्हॉय निघायचा. दोघेही खान्देशी, त्यामुळे जेवण एकत्रच.

त्या दिवशी चढावर वायरलेसवर त्याचा आवाज आला.

"गाडी ओढत नाही. ओव्हर."

"थांबू नको, चढत राहा. ओव्हर," मी म्हणालो.

वळणावर इंजिन बंद पडलं आणि जीप मागे घसरू लागली. ब्रेक दाबून धरत त्यानं मागच्या दोन जवानांना उड्या मारायला लावल्या. तो गाडीबरोबर दरीत गेला.

इंजिन मीच उघडलं. कॅमशाफ्टवरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात; ते झिजले की इंजिनचा जोर जातो. नवा म्हणून आलेल्या त्या शाफ्टचे झिजलेले उंचवटे वेल्डिंगनं भरले होते, तेही खचलेले. शाफ्टवर पुरवठादाराचा चांदणीचा ठप्पा होता. मी सांगितलं, पण चौकशीत ड्रायव्हरची चूक ठरली. त्याच्या गावी गेलो तेव्हा त्याच्या आईनं, अक्कानं, मुलाबद्दल एवढंच विचारलं, "मना आंडोरनी चूक व्हती का रे भाऊ?" मला सूड हवा होता, लपवत नाही.

आता धुळ्यात माझं गॅरेज आहे. गेल्या हिवाळ्यात जळगावचे एक शेठ लिलावातली जुनी लष्करी जीप घेऊन आले. रॅलीत पळवायची होती.

"मोठ्या लिफ्टचा, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम बनवा. फौजेला स्पेअर आम्हीच पुरवायचो, माल कळतो आम्हाला."

व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजायला मी डायल गेज लावून क्रँक हातानं फिरवला. नऊ मिलिमीटर उघडायला हवा तो व्हॉल्व्ह साडेपाचलाच थांबला. मोठ्या लिफ्टला जुन्या स्प्रिंगा दबून बसल्या असत्या, म्हणून मूळ लिफ्टचाच, घाटात कमी वेगातही जोरानं ओढणारा कॅम घडवायचं ठरवलं. जुना शाफ्ट बाहेर काढला तर तेच वेल्डिंग. ठप्प्यावर काळं तेल साचलं होतं. बोटानं चाचपलं आणि डोक्यात सणक गेली.

शेठना फक्त वेल्डिंग दाखवलं. ते भडकले. "असला माल विकणाऱ्याला गोळी घातली पाहिजे!"

"पुन्हा बोला."

ते पुन्हा बोलले. मग मी फडक्यानं तेल पुसलं. आपलीच चांदणी दिसताच शेठ मटकन स्टुलावर बसले. इतका आनंद मला पदक मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

त्यांना सुकदेवची सगळी हकिकत सांगितली. नवा कॅम तयार आहे, पण मी बसवलेला नाही. शेठ फोन करतात, "हवालदारसाहेब, जीप कधी?" माझं उत्तर ठरलेलं: आधी पिंपळनेरला जा, त्याच्या आईपुढे उभे राहा आणि चूक कोणाची ते सांगा. अक्काला आता कमी ऐकू येतं. म्हणून बजावून ठेवलंय, मोठ्यानं सांगायचं, गल्लीभर ऐकू जाईल असं. नायक सुकदेवनं मरताना दोन जवान वाचवले, हेही तितक्याच मोठ्यानं.