कमरेला खोचलेला पंप

"चूल फुंकता येते ना बाई? मग ही नळी फुंकायला काय होतं?"

गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात डॉक्टर मला असं बोलला. मागं उभी असलेली शिकाऊ पोरंपोरी खुदकन हसली. मी तोंडावर पदर धरून फुंकत होते. आमच्याकडं परक्या माणसासमोर बाई गाल फुगवून फुंकत नाय. अन् व्यापाऱ्याच्या खळ्यावर मजुरीनं कांदा निवडताना तर पदर नाकातोंडावरच असतो, इतकी फोलपटं उडतात. त्या धुळीनंच दमा वाढवला माझा.

डॉक्टर दम्यावरच्या नव्या औषधाचा अभ्यास करत होता. मी देवळ्याहून एसटीनं यायचे. औषध लागू पडलं तर आडवं पडून झोपता येईल, एवढीच आशा. नळी फुंकून श्वास मोजायचा, त्याच्या आदल्या दिवसापासून दम्याचा नेहमीचा पंप ओढायचा नाय, असा त्यांचा नियम. पंप घरीच ठेवून या म्हणाले होते. मी ओढला नव्हता, पण आणला होता. कमरेला खोचून. जीव काय घरी ठेवून येता येतो?

पदर सोडला. फुंकलं. परत फुंकलं. छातीत शिट्टी वाजायला लागली, डोळ्यापुढं अंधारी आली. सिस्टर म्हणाली, "सर, यांना पंप देऊया आता."

डॉक्टर मशीनकडं बघत म्हणाला, "थांबा हो. एक चांगलं रीडिंग मिळू दे. या लोकांना सवय असते."

सवय! अरे मेल्या, गुदमरायची सवय असते का कुणाला?

लय राग आला. रडूही आलं. आजवर शिकलेल्या माणसापुढं मान खाली घालत आले. मग आठवलं, पहिल्या दिवशी याच सिस्टरनं समजावलं होतं, "ताई, मधेच कधीही नको म्हणता येतं." तेव्हा वाटलेलं, हे नुसतं बोलायला असतं.

मी नळी टेबलावर ठेवली. कमरेचा पंप काढला अन् सगळ्यांदेखत ओढला.

"झालं! गेलं सगळं वाया!" डॉक्टर ओरडला. "तुमच्यासाठीच करतोय ना हे?"

श्वास जरा जागेवर आल्यावर मी बोलले, "माझ्यासाठी असंल, तर आधी माझ्याकडं बघा. मशीनकडं मागून."

सिस्टरनं पाणी दिलं.

औषधं शोधायलाच पायजेत, मी कुठं नाय म्हणते? आमच्या खळ्यावर कितीतरी बाया धापा टाकतात. लोक नावं ठेवतील म्हणून आडोशाला जाऊन पंप ओढतात. मीही ओढायचे. आता खळ्यावर सगळ्यांसमोर ओढते अन् त्यांनाही ओढायला लावते. उद्या त्यांना असल्या अभ्यासाला बोलावलं तर त्यांनी जावं, मीही जाईन. पण पंप हातात धरून. दम कोंडला की ओढणार, कुणाला विचारणार नाय. ज्याला हे चालत नसंल, त्यानं दिवसभर आमच्या खळ्यावर कांदा निवडावा अन् मग ती नळी स्वतः फुंकून दाखवावी.