न जळणारं वाण

आईला घरात धूळ चालत नसे. बाबा कामावरून आले की त्यांनाही ती दारातच अडवायची. "थांबा तिथंच. अंदर पाऊल टाकू नका."

बाबा रेल्वेच्या इंजिनांवर लेप चढवायचं काम करत. बॉयलरची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचा पांढरा लेप द्यायचा, वरून त्याचंच कापड गुंडाळायचं आणि जुनं झालं की खरवडून काढायचं. संध्याकाळी ते भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे होऊन येत. शेजारी "आले गिरणीवाले" म्हणून चिडवत आणि बाबा हसत. आई हसत नसे. सदरा-पायजमा ती दारातच उतरवून घ्यायची, मागच्या अंगणात नेऊन भिंतीवर आपटायची, मग झटकायची. एक टोक मला धरावं लागे. उन्हाच्या तिरिपेत ती धूळ चमकायची. मला ती फार आवडायची, हे लिहितानाही माझी मलाच चीड येते.

कधीकधी बाबा त्या कापडाचे टाकाऊ तुकडे घरी आणत. आईने एकाचं फडकं करून शेगडीवरचं पातेलं उतरवलं. हात भाजला नाही, आणि कडेला निखारा लागला तरी कापड जळलं नाही. आई हरखलीच. मी सहावीत होते त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने तेच वाण लुटलं. बाकीच्या बायका कंगवे नाहीतर चाळण्या देत. आईने चौकोन कापले, जुन्या लुगड्याचा काठ लावला आणि अडकवायची बिरडी मी शिवली. शिवताना बोटांना खाज सुटायची, तेवढीच काय ती तक्रार. साऱ्या मोहल्ल्यात त्या वाणाचं कौतुक झालं.

वीसेक वर्षांनी आईला धाप लागायला लागली. आधी टीबी म्हणून औषधं झाली, महिनोन्महिने. छातीतलं पाणी काढलं की पुन्हा भरायचं. शेवटी मोठ्या दवाखान्यात छातीतला तुकडा काढून तपासला. निकाल सांगायला डॉक्टरांनी मला आणि बाबांना बसवलं आणि आईबद्दल सोडून भलतंच विचारलं, "तुम्ही काम काय करायचे?" बाबांनी अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "कपडे कोण धुवायचं?"

मेसोथेलिओमा हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू केसाहूनही बारीक असतात. श्वासाबरोबर आत जातात ते कायमचे, वीस-वीस, तीस-तीस वर्षं गुपचूप राहतात, आणि मग एखाद्याच्या फुप्फुसाच्या आवरणाला कर्करोग होतो. त्यावर औषध नव्हतं. आयुष्यभर ते काम केलेल्या बाबांना साधा खोकलाही नव्हता. दारात धूळ अडवणारी आई मात्र गेल्यात जमा होती. हा कुठला न्याय, असं मी त्या डॉक्टरांवरच ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "तिले सांगू नको. मीच घरात आणलं हे कळलं अन् तिनं माह्याकडे तसं पाह्यलं, तर मी कुठं जाऊ?" मला त्यांची दयाही आली आणि रागही. पण मी हो म्हटलं.

त्यानंतरच्याच संक्रांतीला आमच्या जुन्या शेजारीणबाई शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जरीपटका वस्तीतून रिक्षा करून तिळगूळ घेऊन आल्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुह्या वाणाचं फडकं आठवते? अजून तसंच आहे. सून आता त्याच्यानंच पोळ्या उतरवते. किनार विरली, पण जळत नाही पाहा."

आई हसली. कित्येक महिन्यांनी हसली. ते हसू मोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. शेजारीणबाई उठून दारात चपला घालू लागल्या. पण डोळ्यांपुढे त्यांची सून दिसत होती, विरलेलं फडकं तोंडाशी धरलेली. मला राहवलं नाही. मी त्यांना दारातून परत बोलावलं आणि आईसमोर सगळं सांगून टाकलं. बाबांकडे पाहायची हिंमत मला झाली नाही.

 आई बाबांना म्हणाली, "तुम्ही काहून मान खाली घालून राहिले? तुम्ही आणत होते, झटकत तर मीच होती ना." आणि मला म्हणाली, "मी लुटलं, तू माघारी आण. कोणाकोणाले देलं ते मले आठवते. लिहून घे."

दिलेलं वाण कुणी परत मागतं का? दारोदारी मला हेच ऐकावं लागलं. लकडगंज मोहल्ल्यात एकीने तर तोंडावर दार लावलं. बऱ्याच जणींकडे ते केव्हाच हरवलं होतं. मिळतील ती फडकी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, तंतू उडू नयेत म्हणून, ओली करून पिशवीत बांधायची आणि बाबा ती झाकणाच्या डब्यात बंद करायचे. जरीपटक्याचं फडकं आधी आलं, मग आणखी दोन. तिसऱ्या दिवशी चौथं मिळालं, ते बाईंनी माझ्या हातात न देता रागाने माझ्या पदरात टाकलं. ओलं करून बांधलं खरं, पण पदर त्याच्या धुळीसकट तसाच राहिला. उन्हातून घरी पोहोचले, दारात थांबले आणि जन्माच्या सवयीने झटकायला तो दोन्ही हातांत धरला.

त्या तीन दिवसांत धाप वाढून आईला दोन शब्दही सलग बोलवत नव्हते. पण आतून तिचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा खणखणीत.

"झटकू नको वं! तशीच अंदर ये."