सुभद्राबाईंच्या बोटातला जंतू

"अम्मा, उंगली रहती की जाती, बोलो. कल थिएटर में लेना है."

सर्जन डॉक्टर लॅबच्या दारातच उभे राहून मला विचारत होते. लॅबमधल्या आम्हा बायांना ते अम्माच म्हणतात. भीमपूरकडच्या सुभद्राबाईंचं उजवं बोट सुजून काळपट झालं होतं. गोळ्या सुरू होत्या, तरी सूज तळहातात उतरत होती. कापूस वेचणाऱ्या बाईचं उजवं बोट जाणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. माझी आई तामसीला तेच काम करायची. त्याच कामाच्या मजुरीवर मी मायक्रोबायॉलॉजी शिकले.

आदल्या दिवशी मी सुभद्राबाईंच्या बोटातला पू दोन प्लेटांवर लावला होता. प्लेट म्हणजे जंतूंसाठी खाऊ घातलेली काचेची ताटली. एकीत मेंढीचं रक्त असतं. दुसरीला मॅकाँकी म्हणतात. पोटातले नेहमीचे जंतू तिच्यावर वाढतात. सकाळी रक्ताच्या प्लेटवर राखाडी, बारीक ठिपके दिसले. मॅकाँकी कोरी होती. मायक्रोस्कोपखाली आखूड, गुलाबी जंतू. पुढच्या टेस्टही जुळल्या: पाश्चुरेला. हा जंतू मांजराच्या नाहीतर कुत्र्याच्या तोंडात राहतो.

पण केसपेपरवर 'कापसाचं बोंड टोचलं' असं होतं. मी वॉर्डात गेले.

"मावशी, खरं सांगा. मांजर चावली काय?"

त्या दचकल्या. "तुमाले कोनं सांगतलं?"

"तुमच्या जंतूनं."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. सासू चहाला गेली होती. "घरात कापसाची गंजी हाय न मॅडम. भाव येईस्तोवर ठुली. त्याच्यात मांजर व्याली. मी हात घातला, तिनं धरला. सांगतलं असतं तं सासूनं पिल्लं उचलून नाल्यात फेकली असती. डोळे बी उघडले नाईत वो त्यायचे."

शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. "वाघाच्या मावशीले भ्याली नाई, अन् सासूले भ्याली!"

मला मात्र हसू आलं नाही. मांजर चावली तर रेबीजची लस लागते, आणि ती अजून सुरूच झाली नव्हती. मी धावतच डॉक्टरांकडे गेले.

"बिल्ली?" ते खुर्चीतून उठले. "अच्छा किया अम्मा. कौनसा इंजेक्शन?"

"किताब में पेनिसिलिन है सर. अपने जंतू पे चलता की नै, कल बताती."

त्यांनी जखम पुन्हा धुवायला लावली, लस दिली आणि पेनिसिलिन सुरू केलं. थिएटर मात्र रद्द केलं नाही.

मी रक्ताची नवी प्लेट घेतली. तिच्यावर जंतू सारखे पसरले आणि औषधांच्या छोट्या चकत्या ठेवल्या. चकतीतलं औषध आजूबाजूला झिरपतं. ते लागू पडलं तर तिच्याभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. त्याला झोन म्हणतात. दुसऱ्या दिवशी पेनिसिलिनभोवती मोठा, स्वच्छ झोन होता. आधीच्या गोळ्यांतल्या औषधाच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढले होते.

प्लेट हातात घेऊनच मी वॉर्डात गेले. डॉक्टर सुभद्राबाईंचं बोट पाहत होते. सूज मनगटाकडे न जाता मागे हटली होती. त्यांनी प्लेट उजेडात धरली, झोन पाहिला, आणि सिस्टरला म्हणाले, "थिएटर में सिर्फ पस निकालेंगे. उंगली नहीं काटते."

आमच्या लॅबमधून पाश्चुरेलाचा रिपोर्ट पहिल्यांदाच गेला. खाली सही माझी होती. आईला फोनवर सारं समजावून सांगितलं. तिला 'बोट वाचलं' एवढंच कळलं. तेवढ्यावर तिनं दोनदा विचारलं, "तुह्यामुळं?" मी दोन्ही वेळा हो म्हणाले.

तेव्हापासून हाताच्या जखमेचा पू आला की मी स्वतः जाऊन विचारते, घरात कोणकोणती जनावरं आहेत. आणि हे सासूसमोर विचारत नाही.