पोस्टरमधली लेडीज सायकल

मी आज जो काही आहे, तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिचं नाव सारिका. हे वाक्य मी नोकरीच्या मुलाखतीत, कॉलेजच्या निरोप समारंभात, कंपनीच्या कार्यक्रमात, कुठेच बोललो नाही. तिथे मी आईवडिलांचं नाव घेतलं, गुरुजींचं घेतलं. एकदा तर एका सायकलीचं घेतलं. ताईचं राहिलं.

बेंगळुरूला यायला निघालो त्या सकाळी ताई सासरहून पहिल्या एसटीने तालुक्याच्या स्टँडवर आली होती. कडेवर दोन वर्षांची मुलगी आणि हातात प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये माझी सगळी प्रमाणपत्रं, चौथीच्या स्कॉलरशिपपासून इंजिनीअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरपर्यंत, तारखेप्रमाणे लावलेली. "लॅमिनेशन केलं नाही, ते केलं की ऑफिसात घेत नाहीत," ती म्हणाली. हे मला माहीत नव्हतं. नववीत शाळा सुटलेल्या ताईला ते कुठून कळलं, हे विचारायचंही मला सुचलं नाही. आई पदराने डोळे पुसत होती. दादा, म्हणजे माझे वडील, गवंडीकामावर जायच्या कपड्यांतच आले होते. "नीट राहा, कुणाच्या मधी पडू नको," एवढंच बोलले. सोलापूरपर्यंत बस, पुढे रेल्वे. खिडकीशी बसून मी नव्या नोकरीचा विचार करत होतो. मागे वळून पाहिल्याचं आठवत नाही.

त्याला आता सात वर्षं झाली. मारतहळ्ळीला एका पीजीत राहतो, सोबत एक नागपूरचा आणि एक पुण्याचा मुलगा. गेली तीन वर्षं मी भाड्याच्या सायकली चालवणाऱ्या एका कंपनीत आहे. मेट्रो स्टेशनाबाहेर, टेक पार्कच्या दारात, मोठमोठ्या सोसायट्यांच्या कोपऱ्यावर आमच्या सायकली रांगेत उभ्या असतात. मोबाइलवर कोड स्कॅन केला की कुलूप उघडतं. आपल्या कामाच्या ठिकाणी जायचं, तिथल्या स्टँडवर सायकल लावायची आणि विसरून जायचं. माझं काम स्क्रीनसमोर बसून नकाशा बघायचं. सकाळी व्हाइटफील्डच्या मेट्रोचे स्टँड रिकामे होतात आणि टेक पार्कचे भरून वाहतात. कुठून सायकली उचलायच्या आणि कुठे नेऊन ठेवायच्या, ते मी टेम्पोवाल्यांना कळवतो.

त्या टेम्पोवाल्यांपैकी एक मल्हारण्णा. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या मराठी बोलतात, पण त्या सगळ्या पिढ्या बेंगळुरातल्याच. महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला, लग्नाच्या वऱ्हाडातून. माझी मराठी ऐकून ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, "तू लई पुस्तकातलं बोलतोस की रे." मी हसलो. गावाकडे मला कुणी असं म्हटलं नसतं. आता घरी फोन केला की मलाच माझे शब्द वेगळे वाटतात. दादांना 'शिफ्ट' आणि 'लॉगिन' सांगताना मी अडखळतो, आणि इथे भाजीवाल्याशी बोलताना तोंडातून आपोआप कानडी 'स्वल्प कम्मी' निघतं.

मागच्या वर्षी आमच्या कंपनीने नवे स्टँड सुरू केले. जाहिरातीसाठी काही कर्मचाऱ्यांना 'माझी पहिली सायकल' या विषयावर कॅमेऱ्यासमोर बोलायला सांगितलं. छोट्या गावातून आलेला म्हणून माझी निवड झाली. मी मनापासून बोललो. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती, एसटी दहाला यायची आणि तालुक्याची शाळा साडेसातला भरायची, म्हणून मी रोज नऊ किलोमीटर सायकल मारली, पाऊस असो की ऊन. शेवटी म्हणालो, "मला इंजिनीअर केलं ते त्या सायकलने." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी काढलेला माझा आठवीतला फोटो मी दिला होता. सायकलचं हँडल धरून मी ताठ उभा आहे. त्या फोटोचं पोस्टर करून, खाली माझं ते शेवटचं वाक्य छापून, स्टँडवर लावलं.

ते लावायला मल्हारण्णाच गेले होते. मी शेजारी उभा होतो. दिवसभर सायकली उचलणारा माणूस, त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर गेलीच नाही.

"ही लेडीज सायकल की रे. मधला दांडा कुठंय? अक्काची काय?"

"हो," मी म्हणालो. "आम्ही दोघं वापरायचो."

"सरी सरी," त्यांनी मान डोलावली. "मग अक्का बी इंजिनीअर झाली असंल."

मी हसलो आणि पोस्टरचा कोपरा नीट दाबत राहिलो.

आम्ही दोघं ती सायकल वापरत नव्हतो. ती ताईची होती. ताई माझ्यापेक्षा एका इयत्तेने पुढे. तिची शाळा दुसऱ्या दिशेला, पाच किलोमीटरवरच्या गावात. ती आठवीत गेली तेव्हा सरकारी योजनेतून लांबच्या मुलींना सायकली मिळाल्या. आमच्या गावच्या चौघींना मिळाल्या. वर्षभर चौघी मिळून जायच्या. रस्त्याच्या उतारावर त्यांचं हसणं आमच्या अंगणापर्यंत यायचं.

पुढच्या वर्षी मी सातवी पास झालो. गुरुजी घरी येऊन म्हणाले, पोरगा हुशार आहे, तालुक्याला सेमी इंग्लिशला घाला. जायचं कसं, हा प्रश्न जेवताना निघाला. दादांनी ताईकडे न बघता सांगितलं, "सायकल काय कुणा एकाची असती का? घरातली हाय." ताई म्हणाली, मी चालत जाईन, सोबत पोरी आहेतच.

सोबत पोरी नव्हत्या. त्या तिघींकडे सायकली होत्या. पहिला आठवडा त्या सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालल्या, मग तिनेच त्यांना सांगितलं, तुम्ही व्हा पुढं. तेव्हापासून ती त्या रस्त्याने एकटी जायची, एकटी यायची. मला वर्गातली मुलं बाईची सायकल म्हणून चिडवायची, त्याचा मी घरी येऊन ताईवरच राग काढायचो. पुढची जाळी मी काढून टाकली. पंचायत समितीचे साहेब सायकली तपासायला येणार असले की त्या दिवशी ताई सायकल घेऊन शाळेत जायची आणि माझा दिवस बुडायचा. मी तोंड फुगवून बसायचो.

सहामाहीत ताई वर्गात दुसरी आली. त्याच सुमाराला कुणीतरी दादांना म्हणालं, पोरगी एकटीच येते की रानातनं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. मला कुणी काही विचारलं नाही. पण मला सगळं दिसत होतं. मी बोललो असतो तर काय झालं असतं, सांगता येत नाही. मी बोललो नाही, एवढंच सांगता येतं.

तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आईने पाहुण्यांना सांगितलं की पोरीला शाळेची गोडीच नव्हती. आईचंही बरोबर होतं. रस्त्यापायी शाळा बंद केली म्हटलं असतं, तर रस्त्यात काय झालं, असं लोकांनी विचारलं असतं. पोराला सायकल दिली म्हणायला जीभ धजत नव्हती. मग तेवढंच वाक्य राहिलं. इतक्या वर्षांत ते इतक्या वेळा बोललं गेलं की आम्हा सगळ्यांना खरं वाटायला लागलं.

जाहिरातीचा तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर गेला. संध्याकाळी ताईचा फोन. ती स्वतःहून फार फोन करत नाही. "छान बोललास. आवाज स्वच्छ आलाय," म्हणाली. सायकलविषयी एक शब्द नाही. मग म्हणाली की तिच्या गावात आरोग्य खात्याच्या आशा सेविकेची जागा निघणार आहे, त्या जागेला दहावी पास लागते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसावं असं मनात आहे. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. पण सासूबाई म्हणतात, तेव्हा नको होती शाळा, आता पोरगी तिसरीत गेल्यावर कशाला? "तू एकदा यांच्याशी बोल. तुझं ऐकतात."

मी दाजींना फोन केला. दाजी पिठाची गिरणी चालवतात, सरळ माणूस. मी त्यांना शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. त्या दहा मिनिटांत मी जे बोललो ते कुठल्याही व्यासपीठावर शोभलं असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाव्हणं, माझी ना नाही," दाजी म्हणाले. "पण फी भरायची, पुस्तकं आणायची आणि मधेच सोडून द्यायचं, असं नको. तिलाच गोडी नव्हती ना शाळेची. तुमच्या आईंनीच सांगितलेलं."

मी म्हणालो, "हं."

एवढंच. इतकी वर्षं त्या घरात ती ज्या खोट्याखाली राहिली, ते एका अक्षराने मी पुन्हा पक्कं केलं. आपल्यातले जे कुणी माझ्यासारखे घरातले पहिले पदवीधर होऊन बाहेर पडलेत, त्यांना हे कळेल. घरच्यांचं आपण सगळं करायला तयार असतो. पैसे पाठवतो, दवाखान्याचं बघतो, दिवाळीला साड्या नेतो. फक्त आपण कुणाच्या वाट्याचं घेऊन इथवर आलो, ते त्यांच्यासमोर उच्चारायचं म्हटलं की आपण विषय बदलतो.

दुसऱ्या दिवशी कुंदलहळ्ळीच्या स्टँडवर मल्हारण्णा सायकली टेम्पोत चढवत होते. मी तिथे गेलो आणि काही कारण नसताना त्यांना सगळं सांगून टाकलं. सायकल अक्काचीच होती, तिची शाळा नववीत थांबली, मी खोटं बोललो. त्यांनी हातातली सायकल आडवी ठेवली, दोरी आवळली.

"हे मला सांगून काय होतंय?" ते म्हणाले. "मी काय तुझ्या घरात सांगणार हाय? घरात सांग की."

मी आधी आईला फोन केला. दाजींना खरं कळवणार आहे, असं सांगितलं. आई म्हणाली, "आता कशाला उकरतो? तिचा संसार चाललाय. तुझं नाव झालंय." मी म्हणालो, नाव ताईच्या सायकलीवर झालंय. आईने फोन ठेवून दिला. तिला दुखवायचं नव्हतं, पण ते न दुखवता होणारं नव्हतंच.

मग जाहिरातीचं काम बघणाऱ्या मुलीला भेटून म्हणालो, पोस्टरवरचं खरं नाही, काढून टाका. कारण ऐकून तिचे डोळे चमकले. ही तर आणखी चांगली गोष्ट आहे, आपण तुमच्या बहिणीचं शूटिंग करू या का, असं तिने विचारलं. ती चांगल्या मनानेच म्हणत होती. मी नको म्हणालो. ताईचं अजून एकदा काही घ्यायची माझ्यात हिंमत नव्हती. पोस्टर उतरलं, तिथे आता दुसऱ्या कुणाचा फोटो आहे.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला गाव, अंगण, रस्ता आधी आठवत नाही. जिथे आपल्याविषयीचं खरं कुणाला तरी माहीत असतं आणि तो माणूस ते बोलून दाखवत नाही, ते माझं घर. ताईने ते कधीच बोलून दाखवलं नाही. म्हणून ते मलाच बोलायला हवं होतं. फोनवर मी पुन्हा 'हं' म्हणेन अशी भीती वाटली, म्हणून रविवारी सकाळी वही घेऊन बसलो. शाळा सुटल्यापासून कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. चार कागद फाडले. पाचवा स्पीड पोस्टाने पाठवला, तो असा:

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

हे पत्र एकटीने वाचू नकोस. दाजी आणि सासूबाई दोघं समोर असताना मोठ्याने वाच. तुला वाचणं जमलं नाही तर दाजींना वाचायला दे.

दाजी, ताईला शाळेची गोडी नव्हती हे खोटं आहे. तिला सरकारने दिलेली सायकल मी तालुक्याच्या शाळेला नेली. तिला रोज दहा किलोमीटर एकटीने चालावं लागलं, म्हणून दादांनी तिची शाळा बंद केली. रस्त्यात वाईट काही घडलं नाही. बंद झाली त्या सहामाहीत ती वर्गात दुसरी होती. मी त्या वर्षी माझ्या वर्गात अकरावा होतो. परवा तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी 'हं' म्हणालो, तेव्हाही मला हे माहीत होतं. आईला दोष देऊ नका, तिने ते ताईचं नाव जपायला सांगितलं होतं. माझ्याकडे तसं काही कारण नव्हतं.

ती मधेच सोडेल अशी शंका तुम्हाला होती. तिने एकदाही स्वतःहून सोडलेलं नाही.

ताई, येत्या शनिवारी मी येतोय. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तुझ्या शाळेत आपण दोघं जाऊ. हेडमास्तरांनी कारण विचारलं तर मी सांगेन, तू बोलायचं नाहीस.

माफ कर असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. तू लगेच 'झालं गेलं' म्हणशील आणि मी सुटेन. तसं म्हणू नकोस. रागावली असशील तर शनिवारी माझ्याशी बोलू नकोस, मी नुसता बरोबर चालेन. फक्त दाखला घेतल्याची सही तू कर.

तुझा,
संतोष