चीर नसलेली कडी

कॅनडाच्या उत्तरेकडच्या त्या लहानशा धावपट्टीवर एल्डन फ्रीसेन एकतीस वर्षं विमानं दुरुस्त करत होता. विमानातून काढलेला बाद भाग त्याच दिवशी कापायचा, म्हणजे तो चुकूनही परत कुठल्या विमानात जात नाही, असा नियम. एल्डन तो इतका पाळायचा, की वैमानिक डोरीन मकाय म्हणायची, "म्हाताऱ्या, एक दिवस माझा डबाही कापशील."

त्या मंगळवारी डोरीन एक नर्स आणि दोन पेशंट घेऊन उडाली. मागे एल्डनने जुनी कडी कापायला घेतली. विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी या बोटभर कडीच्या जिवावर हलते. सकाळी तिच्यात केसाएवढी चीर सापडली, म्हणून त्याने नवी बसवली होती. कापण्याआधी चीर पुन्हा बघावी म्हणून त्याने भिंग लावलं.

चीर नव्हती.

त्याने कडी पुसली, फिरवली, पुन्हा पुसली. मग त्याला सकाळ आठवली. चीर दिसावी म्हणून जुनी कडी त्यानेच घासून लखलखीत केली होती. नंबर उतरवायला नवीला बांधलेली मंजुरीची चिठ्ठी सोडली होती. तेवढ्यात फोन आला. दोन्ही कड्या एकाच फडक्यावर होत्या, आणि परत आल्यावर त्याने त्यातली चुकीची उचलली. भाग बसेपर्यंत चिठ्ठी सोडू नये, हे तोच नव्या लोकांना शिकवायचा.

तो रेडिओकडे धावला.

"डोरीन, तडकलेली कडी तुझ्या विमानात आहे. मीच बसवली."

"थट्टा करतोयस?"

"नाही गं."

मग हळूच, "मागे बाई कण्हतेय, एल्डन. काय करू ते सांग."

"दांडा ओढू नकोस, त्याचा सगळा जोर कडीवर येतो. ट्रिमच्या चाकानेच नाक सांभाळ. लांबून, सावकाश ये. टेकतानासुद्धा हिसका द्यायचा नाही."

"आणि तुटली तर?"

"तरी चाक आहेच, त्याची तार वेगळी, कडीशी संबंध नाही. मी बोलत राहतो."

अठरा मिनिटं तो बोलत होता. काय बोलला ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही. विमान टेकलं, एकदा उसळलं, थांबलं.

कडी काढली तेव्हा चीर अर्ध्याच्या पुढे गेली होती. एल्डनने करवत उचलली आणि परत खाली ठेवली.

"हो बाजूला, मी कापते," डोरीन म्हणाली.

"ती दुसरीही काप."

"ती तर नवी आहे!"

"तिची चिठ्ठी सुटलीय. माझा माझ्यावर भरवसा नाही आता."

चार तुकडे टेबलावर पडले. एल्डनने नोंदवही ओढली आणि घडलं ते सगळं लिहून खाली स्वतःचं नाव घातलं. अक्षर वाकडं आलं, तरी त्याने ते खोडलं नाही.