काडीवाल्या काकूचा झगा

काडीवाली काकू म्हणजे चौकातल्या लाँड्रीची मालकीण. कपडा आला की ती शिवणीतून एक दोरा उपसायची आणि काडी ओढून पेटवायची. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. कागद जळल्यासारखा आला तर रेयॉन, म्हणजे लाकडाच्या लगद्यातून काढलेलं नकली रेशीम. गिऱ्हाईक शपथा घेऊन थकलं तरी काकूचा विश्वास फक्त स्वतःच्या नाकावर.

एकाच कपड्याला तिने कधी काडी लावली नव्हती. तो तिचा स्वतःचा लग्नाचा झगा. काका कृत्रिम रेशमाच्या कारखान्यात सूत काढायचे. लग्नात काकूच्या वडिलांनी झगा चाचपत विचारलं होतं, "अस्सल ना?"

"माझ्या हातचं आहे, अस्सल असणारच!" काका म्हणाले.

"जावई म्हणजे रेशमाचा किडाच की!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. काकूने थट्टा सोडून दिली आणि 'अस्सल' तेवढं धरून ठेवलं. काका गेल्यावर तर तपासायची तिची छातीच होईना. हे खोटं निघालं, तर त्या माणसाचं आणखी काय काय खोटं निघेल?

आता परवावर पुतणीचं लग्न आलं होतं. पोरीला हाच झगा हवा होता, आणि घालून बघताना तिने त्यावर कपभर चहा सांडला.

"काकू, पटकन धुऊ का?" ती रडकुंडीला आली.

"हात लावू नकोस! रेयॉन असलं तर ओलं झालं की त्यात जीव उरत नाही. पिळलंस की फाटलंच."

"मग आहे काय हे?"

काकूने काडेपेटी उचलली, परत खाली ठेवली. शेवटी तिने आतल्या शिवणीतून दोरा उपसला आणि काडी ओढली. कागदाचा वास आला. ती स्टुलावर बसली. पोरीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्या काकांच्या अंगाला ना, सडक्या अंड्यांचा वास यायचा," काकू एकदम म्हणाली. "कामावरून आले की कारखान्याच्या गोष्टी सुरू! लगदा विरघळून मधासारखा होतो, मग केसाहून बारीक भोकांतून आम्लात सोडला की धागा होऊन येतो. सगळ्यात पहिलं नकली रेशीम तर म्हणे भपकन पेटायचं. मी म्हणायची, पुरे, आधी आंघोळ करा!" तिने दोऱ्याचं जळकं टोक पुन्हा नाकाशी नेलं. "माझ्या हातचं म्हणाले होते गं. खरंच सांगत होते. मीच कधी नीट ऐकलं नाही."

मग तिने बाह्या सरसावल्या. पसरट टबात गार पाणी, साबणाचा हलका फेस, चोळणं नाही की आपटणं नाही. ओला झगा पुठ्ठ्यासारखा ताठरला होता. तो तिने बाळाला उचलावं तसा दोन्ही हातांवर झेलला, चादरीवर आडवा वाळवला आणि उलट्या बाजूने बेताची इस्त्री फिरवली. डागाची एक पुसट कड राहिली, ती चुणीत लपली. चमक मात्र होती तशी परत आली.

लग्नात नवरदेवाच्या आजीने झग्यावरून हात फिरवला. "अस्सल रेशीम दिसतंय!"

"छे हो," काकू म्हणाली, चांगलं चार माणसांना ऐकू जाईल असं. "रेशीम किडे काढतात. हे आमच्या ह्यांनी काढलंय."